वाचनालयाची पायरी पुन्हा चढताना

शाळा सुटते तेव्हा तिच्यासोबत अनेक गोष्टी सुटतात. वसतिगृहातील पंगत, त्रिशरण-पंचशीलाने सुरू होणारी सकाळ, रात्रीचा अभ्यासाचा तास या गोष्टी पुढे आठवणी म्हणून उरतात आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांची उजळणीही होते. एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात न येता सुटते. ती म्हणजे हाताशी सतत एखादे पुस्तक असण्याची सवय. निवासी शाळेत पुस्तकांचे कपाट चार पावलांवर असते. पुढे शेती, नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे यांच्या हिशोबात पुस्तकखरेदी यादीच्या अगदी शेवटी जाऊन बसते आणि बहुतेक वेळा यादीतून गळूनही पडते.

पुस्तक विकत न घेता आयुष्यभर वाचत राहण्याचा एक मार्ग समाजाने फार पूर्वीच बांधून ठेवला आहे. त्याचे नाव सार्वजनिक वाचनालय. आम्ही काही माजी विद्यार्थी अलीकडे आपापल्या गावच्या वाचनालयाचे पुन्हा सभासद झालो आहोत. कुणी माहूरला, कुणी किनवटला, तर कुणी नांदेडला. ही संस्था आपल्यापर्यंत कशी आली, ती चालते कशी आणि तिच्यात नेमके कोणते सुख आहे, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘सार्वजनिक’ या शब्दाची किंमत

महाराष्ट्रातील वाचनालयांचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ मधील, नाशिकचे १८४० मधील, तर पुण्याचे १८४८ मधील. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ हे त्या काळी रूढ असलेले नाव. नावात ‘जनरल’ हा शब्द असला तरी प्रत्यक्षात तेथे इंग्रज अधिकारी आणि नव्याने इंग्रजी शिकलेला नोकरदार वर्गच प्रामुख्याने येत असे. ज्या समाजाला पाणवठ्यावर जाण्याची मुभा नव्हती, त्याला वाचनालयाच्या बाकावर कोण बसू देणार?

म्हणून ‘सार्वजनिक’ या शब्दाचा खरा इतिहास वाचनालयाच्या इमारतीबाहेर शोधावा लागतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले व चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गाला खुले असावेत, असा त्याचा आशय होता. ठराव कागदावर राहिला. तो कृतीत आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले. पुढे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ ने हेच तत्त्व देशभर लागू केले. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या जागी धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला मज्जाव करता येत नाही.

शासकीय अनुदानावर चालणारे गावचे वाचनालय याच अर्थाने सार्वजनिक आहे. तेथील बाकावर बसणे ही कुणाची मेहेरबानी नव्हे. तळ्यातील पाण्याच्या ओंजळीने जो हक्क मागितला गेला, त्याच हक्काचा तो भाग आहे. आपल्या वस्तीतील एखादी आजी किंवा शेतमजूर बंधू वाचनालयाच्या दारात संकोचून थांबत असतील, तर ही गोष्ट त्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

मराठवाड्याची वाट वेगळी

आपल्या भागाची वाट पुण्या-मुंबईहून निराळी होती. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू हे शिक्षणाचे माध्यम होते. मराठी घरातील मुलाला आपल्या भाषेतील ग्रंथ शाळेत क्वचितच भेटत. अशा परिस्थितीत ठिकठिकाणी लोकांनी वर्गणी काढून चालवलेली मराठी वाचनालये ही भाषेची आश्रयस्थाने ठरली. खुद्द हैदराबाद शहरात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. वाचनालय म्हणजे वर्तमानपत्र येण्याची जागा, आणि वर्तमानपत्र येते तेथे चार माणसे जमून बोलतात. स्वातंत्र्याच्या आकांक्षेला अशा जागांची फार गरज असते.

माहूरचा परिसर तर त्या काळी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट-माहूरचा हा भाग नांदेड जिल्ह्यात आला. मद्रास प्रांताने १९४८ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता आणि त्यानंतर असा कायदा करणारे देशातील दुसरे राज्य हैदराबाद होते. त्याचे वर्ष १९५५. म्हणजे ग्रंथालय ही शासनाची जबाबदारी आहे, हे आपल्या भागाने महाराष्ट्राच्या आधी कायद्यात लिहिलेले पाहिले. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये झाला.

पैनगंगेच्या या काठावर मराठीबरोबर गोंडी, कोलामी, गोरमाटी आणि तेलुगू बोलणारी घरे आहेत. तांड्यावरून वा गुड्यावरून शाळेत येणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी ही शिकावी लागणारी भाषा असते. परीक्षेपुरती शिकलेली भाषा परीक्षेबरोबर विसरली जाते. गोष्टी, चरित्रे, प्रवासवर्णने वाचत वाचत ती आपली होते. या परिसरात वाचनालयाचे महत्त्व इतर ठिकाणांपेक्षा अधिक आहे, त्याचे हे एक कारण.

बाबासाहेबांचे ग्रंथालय

ग्रंथालय आणि माणसाचे घडणे यांचा संबंध समजून घेण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. विद्यार्थी भीमराव मुंबईच्या चर्नी रोड बागेत वाचत बसत. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष त्यांच्याकडे गेले. गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेल्या एका पुस्तकाचे परिणाम १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आणि त्यापुढेही पोहोचले.

बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी साहाय्य करणारे बडोद्याचे सयाजीराव महाराज हे ग्रंथालय चळवळीचेही मोठे आधारस्तंभ होते. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञांना पाचारण केले, बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, गावोगाव वाचनालये काढली आणि पेट्यांतून पुस्तके खेड्यांत पोहोचवणारी फिरती ग्रंथालये सुरू केली.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात असताना बाबासाहेबांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते सकाळी दार उघडताच जात आणि बंद होईपर्यंत बसत. १९१७ मध्ये मायदेशी परतताना त्यांच्या सामानाचे जहाज महायुद्धात बुडवले गेले आणि ग्रंथ समुद्रात गेले. त्यांनी पुन्हा जमवायला सुरुवात केली. दादरच्या ‘राजगृहा’ची बांधणीच मुळी ग्रंथांसाठी जागा हवी म्हणून झाली. आपल्या मराठवाड्यासाठी त्यांनी औरंगाबादला १९५० मध्ये महाविद्यालय काढले. त्याला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतात, अशी ती परंपरा. विचारणाऱ्याला मान देणारे हे नाव आहे. याच परिसरातून पुढे दलित साहित्याला बळ मिळाले आणि गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ औरंगाबादहूनच निघत राहिले.

या इतिहासातून एक गोष्ट ठळक होते. घरात ग्रंथ नसणाऱ्या मुलाला बागेतील बाक, विद्यापीठाचे ग्रंथालय आणि सार्वजनिक वाचनकक्ष यांनी घडवले. आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर यांचेही तसेच. इंटरच्या परीक्षेत वारंवार अपयश आले, पण त्यांचे वाचन अखंड चालू राहिले आणि पुढे महाराष्ट्राने त्यांना विचारवंत म्हणून मान दिला.

वाचनालय चालते कसे

पुष्कळांचा समज असा असतो की वाचनालय म्हणजे सरकारी कचेरी. वस्तुस्थिती वेगळी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाचे स्वतःचे जिल्हा ग्रंथालय असते. गावोगावची बहुतेक सार्वजनिक वाचनालये मात्र स्थानिक नागरिकांच्या नोंदणीकृत संस्था चालवतात आणि शासन त्यांना अनुदान देते. ग्रंथसंख्या, सभासद, वाचनकक्ष, कर्मचारी, कामाचे तास यांनुसार त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात. वर्गाप्रमाणे अनुदान ठरते. राज्यात अशी अकरा-बारा हजार वाचनालये आहेत. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथखरेदीस साहाय्य करते. उत्तम काम करणाऱ्या वाचनालयांना राज्य शासन जो पुरस्कार देते, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याच नावाचा आहे.

वाचकाच्या दृष्टीने व्यवस्था सोपी असते. वर्तमानपत्रे आणि नियतकालिके वाचनकक्षात बसून वाचायला सर्वसाधारणपणे पैसे पडत नाहीत. पुस्तक घरी न्यायचे असेल तर सभासद व्हावे लागते. त्यासाठी ओळखीचा पुरावा, सभासदत्व सोडताना परत मिळणारी अनामत रक्कम आणि माफक वर्गणी पुरते. मुलांसाठी बालविभाग असतो आणि त्याची वर्गणी बहुधा आणखी कमी असते. पुस्तक उशिरा परत केल्यास थोडा दंड भरावा लागतो.

प्रत्येक पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. दशांश वर्गीकरण पाळणाऱ्या ग्रंथालयांत विषयालाही क्रमांक असतो. बौद्ध धम्मावरील ग्रंथ २९४.३ या क्रमांकाखाली आणि मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकाखाली. हे दोन आकडे लक्षात ठेवले तर अशा कोणत्याही ग्रंथालयात, ते नांदेडला असो वा न्यूयॉर्कला, आपण थेट आपल्या कपाटापाशी जाऊ शकतो.

कपाटांमधली सुखे

आता मुख्य मुद्दा. मोबाइलवर सारे काही मिळत असताना वाचनालयात जायचे कशासाठी?

पहिले सुख शेजारच्या पुस्तकाचे. मोबाइलवर आपण जे शोधतो तेच मिळते. वाचनालयाच्या कपाटात आपण एक पुस्तक शोधायला जातो आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची दोन पुस्तके हाती लागतात. वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावेच्या गावे एक ग्रंथ ऐकतात, ही आपल्या समाजाची केवढी मोठी वाचनपरंपरा आहे! त्या ग्रंथाचे शेजारी मात्र वाचनालयात भेटतात. तेथे धर्मानंद कोसंबींचे लेखन असते, पाली साहित्याचे परिचय असतात, अजिंठा-वेरूळवरील पुस्तके असतात, आणि १९७९ पासून राज्य शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाडजूड खंडही असतात. हे सगळे खंड घरी घेणे थोड्यांनाच जमते. वाचनालयात ते एका फळीवर उभे असतात.

दुसरे सुख मोठ्या ग्रंथांचे. मराठी विश्वकोशाचे २० खंड, महाराष्ट्र शब्दकोश, भारतीय संस्कृतिकोश हे ग्रंथ घरी नेऊ देत नाहीत, तेथेच बसून पाहावे लागतात. एखादा शब्द शोधायला विश्वकोश उघडावा आणि तासाभराने भलत्याच नोंदीत गुंतलेले असावे, हा अनुभव ज्याने घेतला त्याला त्याची गोडी ठाऊक आहे. आपल्या माहूरचा किल्ला, येथील पांडवलेणी, पैनगंगेचे खोरे यांविषयी मुलांनी प्रश्न विचारला तर त्यांना संदर्भ विभागात न्यावे. उत्तर शोधून काढण्यातला आनंद त्यांना तेथे कळतो.

तिसरे सुख दिवाळी अंकांचे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा रुजवली आणि ती मराठीचे वैशिष्ट्य बनली. एका घराला दोन-तीन अंक घेणेही जड जाते. वाचनालये थोड्या वर्गणीत दिवाळीनंतरचे कित्येक आठवडे अंकामागून अंक वाचायला देतात. अंक हातोहात फिरतो, त्याचे मुखपृष्ठ सुटते, कोपरे दुमडतात. पण त्या दुमडलेल्या कोपऱ्यांवरूनच कोणती कथा गावाला आवडली ते समजते.

चौथे सुख अनोळखी सोबतीचे. जुन्या पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के असतात. हे पुस्तक आपल्या आधी कितीदा बाहेर गेले, कोणत्या वर्षी ते कुणीच नेले नाही, सारे तेथे दिसते. वाचणारा एकटा बसलेला दिसतो, पण तो वाचकांच्या एका लांब रांगेत उभा असतो.

पाचवे सुख निवांतपणाचे. नवरात्रात आणि दत्तजयंतीला माहूर माणसांनी भरून जाते. एरवीही बाजार, बसस्थानक, चहाची टपरी जेथे बसावे तेथे काहीतरी विकत घ्यावे लागते. वाचनालय ही गावातली अशी जागा आहे, जेथे काहीही विकत न घेता, कुणाचा पाहुणा न होता, ताठ मानेने दोन तास बसता येते. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबातील मुलीला अभ्यासासाठी ही जागा म्हणजे दुसरे घर आहे. तिच्या आईलाही ती तेवढीच मोकळी असली पाहिजे.

अडचणी आणि आपले काम

चित्र सगळीकडे उजळ नाही. अनेक ठिकाणी वाचनकक्षात स्पर्धापरीक्षेचे विद्यार्थी दिसतात, पण कथा-कादंबऱ्यांच्या कपाटांवर धूळ बसलेली असते. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास आवश्यकच आहे. वाचन मात्र तेवढ्यावर थांबले तर परीक्षा संपताच तेही संपते. अनुदानित वाचनालयांतील ग्रंथपाल व सेवकांना अत्यल्प मानधनावर काम करावे लागते. अनुदान उशिरा आले की नवी पुस्तके थांबतात, नवी पुस्तके थांबली की वाचक येत नाहीत, आणि वाचक घटले की वर्ग टिकवणे कठीण होते. हे चक्र कोणत्याही एका टोकाला तोडता येते. सर्वांत सोपे टोक वाचकाच्या हाती आहे. सभासदांच्या नोंदवहीत पडलेले एक नाव आणि देवघेवीच्या नोंदीत वाढलेली एक ओळ वाचनालयाच्या बाजूने साक्ष देते.

ग्रंथालयशास्त्राचे भारतीय प्रणेते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये या शास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके कुलूपबंद ठेवण्यासाठी नसून वापरासाठी आहेत, तसेच प्रत्येक पुस्तक आपल्या वाचकाची वाट पाहत असते, असा त्यांतील दोन सूत्रांचा आशय आहे. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. हे दोन दिवस आपल्या शाळेच्या दिनदर्शिकेत गावच्या वाचनालयाशी जोडता येतील.

आमच्या मते पुढील गोष्टी प्रत्येकाला करता येण्यासारख्या आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपण जेथे राहतो तेथील वाचनालयाचे सभासद व्हावे आणि महिन्यातून एकदा मुलांना सोबत न्यावे. पालकांनी पाल्याच्या वाढदिवसाला बालविभागाची वर्गणी भरावी. विहार समित्यांनी वर्षावासातील ग्रंथवाचनानंतर श्रोत्यांना त्याच विषयावरील आणखी पुस्तके वाचनालयातून मिळवून द्यावीत. ज्यांना ग्रंथदान करायचे आहे त्यांनी आधी ग्रंथपालांना भेटून कोणती पुस्तके हवी आहेत ते विचारावे. घरातील रद्दी देणे म्हणजे दान नव्हे. वाई बाजार, सारखणी, सिंदखेडकडील ज्या वस्त्यांना वाचनालय दूर पडते, तेथे सयाजीरावांच्या फिरत्या पेटीचा धडा आजही उपयोगी आहे. एका लोखंडी पेटीत पन्नास पुस्तके, एक नोंदवही आणि जबाबदार माणूस एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

आपल्या शाळेने ज्यांना अक्षरओळख दिली, त्यांतील बहुतेकांच्या घरी त्यापूर्वी पुस्तक नव्हते. पहिल्या पिढीने अक्षर मिळवले. ते अक्षर पुढच्या पिढीच्या हाती केवळ अर्ज भरण्यापुरते आणि संदेश पाठवण्यापुरते उरू नये, ही जबाबदारी आपली आहे. वाचनालयाचे दार उघडे आहे, बाक रिकामा आहे, वर्गणी परवडणारी आहे. ही स्मरणिका वाचून मिटल्यावर पुढचे पुस्तक तेथून आणावे, अशी सर्व माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि समाजबांधवांना आमची मनःपूर्वक विनंती आहे.